फ्रीबीएसडी पोर्ट्स प्रणालीची पुनर्रचना

फ्रीबीएसडी पोर्ट्स ही फ्रीबीएसडी या मुक्त संचालन प्रणालीवर बाहेरच्या आज्ञावल्या त्यांच्या सोर्स कोडपासून बांधण्याची आणि स्थापित करण्याची व्यवस्था आहे. जॉर्डन हबर्ड यांनी इ.स. १९९३-९४ मध्ये तिचा पाया घातला. इ.स. २०१२ ते इ.स. २०१७ या काळात या व्यवस्थेची मुळापासून पुनर्रचना झाली. पर्यायांची नोंद करण्याची पद्धत, पॅकेज हाताळणारे साधन, सामायिक नियमांची मांडणी, आज्ञावली स्थापित करण्याचा क्रम आणि पॅकेजेस बांधणारी यंत्रणा हे सर्व घटक या काळात बदलले.

या बदलांमागे एक सूत्र आढळते. आज्ञावली बांधणे आणि ती चालू संगणकावर बसवणे ही दोन कामे जुन्या पद्धतीत एकमेकांत मिसळलेली होती. नव्या रचनेत ती वेगळी करण्यात आली. बदल सुरू झाला त्या वेळी संग्रहात २४,००० च्या आसपास पोर्ट्स होती, त्यांची देखभाल प्रामुख्याने स्वयंसेवक करत होते आणि संग्रह रोज वापरात होता. त्यामुळे काम थांबवून सर्व काही एकदम बदलणे शक्य नव्हते. जुन्या आणि नव्या पद्धती काही काळ शेजारी-शेजारी चालवून आणि नंतर ठरावीक मुदतीला जुनी पद्धत बंद करून हे स्थित्यंतर घडवण्यात आले.

पार्श्वभूमी

फ्रीबीएसडी ही बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात विकसित झालेल्या युनिक्सच्या परंपरेतील संचालन प्रणाली आहे. तिची पहिली आवृत्ती नोव्हेंबर १९९३ मध्ये प्रसिद्ध झाली. या प्रणालीत गाभा, मूलभूत लायब्रऱ्या आणि नित्याची साधने एकाच भांडारात एकत्र विकसित होतात. या भागाला 'मूळ प्रणाली' म्हणतात. संपादक, ब्राउझर, डेटाबेस, प्रोग्रामिंग भाषांची साधने अशा इतर आज्ञावल्या मूळ प्रणालीबाहेर राहतात. त्या जगभरचे वेगवेगळे लेखक लिहितात आणि त्यांतील अनेक आज्ञावल्या मुळात अन्य प्रणालींसाठी लिहिलेल्या असतात.

अशी आज्ञावली फ्रीबीएसडीवर चालवायची तर तिचा सोर्स कोड मिळवणे, त्यात आवश्यक दुरुस्त्या करणे, तिला लागणाऱ्या इतर लायब्रऱ्या आधी बसवणे आणि मग ती कंपाइल करणे ही कामे प्रत्येक वापरकर्त्याला स्वतः करावी लागत. एकाने केलेले हे काम इतरांना जसेच्या तसे वापरता यावे, यासाठी हबर्ड यांनी ऑगस्ट १९९३ मध्ये पॅकेज स्थापित करणारी साधने आणि त्यांच्या जोडीला एक मेकफाइल भांडारात दाखल केली. ऑगस्ट १९९४ मध्ये पोर्ट्सची स्वतंत्र निर्देशिका तयार झाली आणि 'बीएसडी.पोर्ट.एमके' ही सर्व पोर्ट्सना सामायिक असलेली नियमांची फाइल अस्तित्वात आली. पुढील काळात सातोशी असामी यांनी संग्रहाची घडी बसवली. तयार पॅकेजेस बांधणाऱ्या संगणकसमूहाचे काम नंतर क्रिस केनवे यांनी दीर्घकाळ सांभाळले.

पोर्टची रचना

पोर्ट म्हणजे आज्ञावली नव्हे, तर ती कशी बांधावी याची कृती होय. प्रत्येक पोर्ट ही काही छोट्या फाइलींची निर्देशिका असते आणि ती संपादक, भाषा, जाळे, ग्राफिक्स अशा एखाद्या वर्गात ठेवलेली असते. तिच्यात पुढील घटक असतात :

• मेकफाइल : आज्ञावलीचे नाव, आवृत्ती, सोर्स कोड मिळण्याचे ठिकाण, देखभालकर्त्याचा पत्ता आणि ती कोणकोणत्या अन्य पोर्ट्सवर अवलंबून आहे याची माहिती.
• डिस्टइन्फो : सोर्स कोडच्या फाइलीचा आकार आणि तिची गणिती ओळखखूण. उतरवलेली फाइल या खुणेशी जुळली नाही तर बांधणी तेथेच थांबते.
• वर्णन : आज्ञावली काय करते याची थोडक्यात माहिती.
• फाइलयादी : स्थापनेनंतर कोणत्या फाइली कोठे जातात याची यादी. आज्ञावली काढून टाकताना याच यादीचा आधार घेतला जातो.
• दुरुस्त्या : मूळ सोर्स कोडमध्ये फ्रीबीएसडीसाठी करावे लागणारे बदल.

वापरकर्ता पोर्टच्या निर्देशिकेत जाऊन 'मेक इन्स्टॉल' ही आज्ञा देतो. त्यानंतर सोर्स कोड उतरवणे, ओळखखूण तपासणे, फाइल उलगडणे, दुरुस्त्या लावणे, जुळणी करणे, कंपाइल करणे आणि स्थापित करणे हे टप्पे क्रमाने पार पडतात. एखादी आवश्यक लायब्ररी नसेल तर तिचे पोर्ट आधी बांधले जाते. मेकफाइलीच्या शेवटी सामायिक नियमांची फाइल समाविष्ट केलेली असते. त्यामुळे साध्या आज्ञावलीची मेकफाइल दहा-पंधरा ओळींतही पूर्ण होऊ शकते. या सुटसुटीतपणामुळे संग्रह झपाट्याने वाढला.

पुनर्रचनेची कारणे

संग्रह काही शेकडा पोर्ट्सचा असताना केलेली मांडणी वीस हजारांच्या पुढे अपुरी पडू लागली. तिच्यातील मुख्य अडचणी पुढीलप्रमाणे होत्या.

थेट स्थापना. जुन्या क्रमात कंपाइल झालेली आज्ञावली प्रथम चालू प्रणालीवर स्थापित होई आणि त्यानंतर स्थापित झालेल्या फाइली गोळा करून पॅकेज तयार होई. म्हणजे पॅकेज बांधण्यासाठी ते आधी बसवणे भाग होते. स्थापनेसाठी रूट या सर्वाधिकारी वापरकर्त्याचे अधिकार लागत. स्थापना मध्येच फसली तर काही फाइली प्रणालीत जात आणि काही राहून जात. कोणत्या गेल्या याची नोंद झालेली नसल्याने त्या नीट काढूनही टाकता येत नसत.

अविश्वसनीय फाइलयाद्या. फाइलयादी देखभालकर्ता तयार करत असे. आज्ञावलीची नवी आवृत्ती एखादी जास्तीची फाइल बसवू लागली आणि ती यादीत आली नाही, तर आज्ञावली काढल्यावरही ती फाइल मागे उरत असे. फाइली थेट प्रणालीत मिसळत असल्याने यादी आणि वस्तुस्थिती यांची तुलना करणे अवघड होते.

एकवटलेले नियम. बीएसडी.पोर्ट.एमके ही फाइल हजारो ओळींची झाली होती. तिच्या सोबतीला पर्ल, पायथॉन, नोम, केडीई इत्यादींसाठी स्वतंत्र फाइली होत्या आणि प्रत्येकीची पद्धत निराळी होती. एका ठिकाणच्या छोट्या बदलाचा परिणाम हजारो पोर्ट्सवर होण्याचा संभव असल्याने तिला हात लावण्यास अनुभवी सदस्यही कचरत.

लायब्ररीच्या आवृत्त्या. एखादी लायब्ररी हवी असल्यास तिचा आवृत्तिक्रमांक पोर्टमध्ये लिहिण्याची प्रथा होती. पीएनजी प्रतिमांच्या लायब्ररीसारख्या सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या लायब्ररीचा क्रमांक बदलला की तिच्यावर अवलंबून असलेली सर्व पोर्ट्स संपादित करावी लागत.

पॅकेजसाधनांच्या मर्यादा. हबर्ड यांच्या मूळ साधनांत पॅकेज घालणे, काढणे आणि त्याची माहिती पाहणे एवढीच सोय होती. बसवलेली पॅकेजेस एकत्रितपणे अद्ययावत करण्याची आज्ञाच नव्हती. ही उणीव पोर्टअपग्रेड आणि पोर्टमास्टर या पूरक साधनांनी भरून काढली, पण ती दोन्ही साधने मूळ नोंदींच्या चौकटीतच काम करत. या नोंदी प्रत्येक पॅकेजच्या स्वतंत्र निर्देशिकेत साध्या मजकुराच्या फाइलींत विखुरलेल्या असत.

पुनर्रचनेचे टप्पे

पर्यायांची नवी पद्धत

पोर्ट बांधताना वापरकर्त्याला काही पर्याय निवडता येतात. उदाहरणार्थ, एखादा संपादक चित्रमय पटलासह बांधावा की केवळ मजकुरापुरता बांधावा हे तो ठरवू शकतो. जुन्या पद्धतीत प्रत्येक पर्याय सुटा होता. दोनपैकी एकच निवडता येईल किंवा अमुक गटातून निदान एक तरी निवडलाच पाहिजे, असा नियम सांगण्याची सोय नव्हती. देखभालकर्त्याला त्यासाठी स्वतः तपासणी लिहावी लागे. इ.स. २०१२ च्या मध्यास आलेल्या नव्या पद्धतीत पर्यायांचे गट करता येऊ लागले. दस्तऐवज, भाषांतरे, उदाहरणे यांसारख्या वारंवार येणाऱ्या पर्यायांची नावे आणि वर्णने एका सामायिक फाइलीत ठेवण्यात आली. त्यामुळे एखादा पर्याय सर्व पोर्ट्ससाठी एकाच ठिकाणी चालू किंवा बंद करणे शक्य झाले.

नवे पॅकेजसाधन

बाप्तिस्त दारूसँ यांच्या पुढाकाराने 'पीकेजी' हे नवे साधन विकसित झाले आणि त्याची पहिली स्थिर आवृत्ती ऑगस्ट २०१२ मध्ये प्रसिद्ध झाली. यात सर्व पॅकेजेसची नोंद एसक्यूलाइट डेटाबेसमध्ये होते. दूरस्थ भांडारातून पॅकेज आणणे, भांडाराची स्वाक्षरी पडताळणे, सर्व पॅकेजेस एकत्र अद्ययावत करणे आणि कोणाच्याही उपयोगी न उरलेली पॅकेजेस काढून टाकणे ही कामे एकाच साधनाने होऊ लागली. कोणते पॅकेज कोणती लायब्ररी पुरवते आणि कोणते ती वापरते याचीही नोंद डेटाबेसमध्ये होऊ लागली. जुलै २०१४ मधील १.३ आवृत्तीत परस्परविरोधी अवलंबित्वांतून मार्ग काढणारी गणिती पद्धत समाविष्ट झाली.

जानेवारी २०१४ मध्ये आलेल्या फ्रीबीएसडी १०.० मध्ये हे साधन प्रमाण ठरले. जुन्या साधनांचा आधार १ सप्टेंबर २०१४ रोजी पोर्ट्समधून काढण्यात आला.

इ.स. २०१२ मधील घुसखोरी

हे काम चालू असतानाच ११ नोव्हेंबर २०१२ रोजी प्रकल्पाच्या संगणकसमूहातील दोन संगणकांवर घुसखोरी झाल्याचे आढळले. एका विकासकाची एसएसएच किल्ली बाहेर गेल्याने हे घडले असावे, असे प्रकल्पाने १७ नोव्हेंबर रोजी जाहीर केले. मूळ प्रणालीच्या भांडाराला बाधा पोहोचलेली नव्हती. मात्र घुसखोरांना बाहेरच्या आज्ञावल्यांची पॅकेजेस बांधणाऱ्या यंत्रणेपर्यंत पोहोचणे शक्य झाले होते. पॅकेजेसमध्ये फेरफार झाल्याचा पुरावा मिळाला नाही, पण ती निर्दोष असल्याची खात्रीही देता येत नव्हती.

या घटनेने पुनर्रचनेतील एका प्रश्नाचे गांभीर्य स्पष्ट केले. सोर्स कोडची ओळखखूण प्रत्येक वापरकर्त्याच्या संगणकावर तपासली जात होती, परंतु तयार पॅकेजच्या बाबतीत तशी कडी नव्हती. तयार पॅकेज घेणारा वापरकर्ता ते बांधणाऱ्या संगणकावर पूर्ण विश्वास टाकत असतो. पॅकेजेस बांधण्याची व्यवस्था नव्याने उभी करण्यात आली आणि नव्या साधनासाठी स्वाक्षरी केलेली अधिकृत पॅकेजेस ऑक्टोबर २०१३ मध्ये उपलब्ध झाली. मधल्या काळात अनेक वापरकर्त्यांना आज्ञावल्या स्वतः कंपाइल करूनच काम भागवावे लागले.

नियमांचे विभाजन

इ.स. २०१३ पासून सामायिक नियम 'यूझेस' नावाच्या निर्देशिकेतील छोट्या फाइलींत विभागले जाऊ लागले. प्रत्येक फाइल एकाच गोष्टीची जबाबदारी घेते. पोर्टच्या मेकफाइलीत त्या गोष्टीचे केवळ नाव लिहिले जाते आणि तेवढीच फाइल वाचली जाते.

या मांडणीचा उपयोग आयकॉन्व्ह या लिपिसंकेत बदलणाऱ्या लायब्ररीच्या उदाहरणावरून कळतो. पूर्वी तिची गरज असलेली पोर्ट्स संग्रहातील स्वतंत्र लायब्ररीवर अवलंबून असत. फ्रीबीएसडी १०.० पासून ही क्षमता मूळ प्रणालीतच आली. जुन्या आवृत्त्यांवर बाहेरची लायब्ररी आवश्यक आणि नव्या आवृत्त्यांवर ती अनावश्यक, अशी स्थिती निर्माण झाली. हा निर्णय आता यूझेसमधील एकच फाइल करते आणि पोर्टला प्रणालीची आवृत्ती पाहावी लागत नाही. याच सुमारास लायब्ररीचा आवृत्तिक्रमांक लिहिण्याऐवजी केवळ तिच्या फाइलीचे नाव लिहिण्याची पद्धत रूढ झाली.

त्याच आवृत्तीत आणखी दोन बदल एकत्र आले. मुख्य संगणकप्रकारांवर जीसीसीऐवजी क्लँग हा प्रमाण कंपाइलर झाला आणि जुन्या 'मेक'च्या जागी नेटबीएसडीकडून आलेले 'मेक' वापरात आले. जुन्या मेकमध्ये अक्षरे लहान किंवा मोठी करण्यासाठी जी चिन्हे होती, त्यांचा नव्या मेकमध्ये वेगळाच अर्थ होता. परिणामी ज्या पोर्ट्सच्या कामात काहीही बदललेले नव्हते, त्यांच्या मेकफाइलीही तपासाव्या लागल्या.

स्टेजिंग

पुनर्रचनेतील सर्वांत मूलगामी बदल म्हणजे 'स्टेजिंग' होय. ऑक्टोबर २०१३ च्या आरंभी त्याची घोषणा झाली. यात आज्ञावली चालू प्रणालीवर न बसवता पोर्टच्या कामाच्या जागेतील एका रिकाम्या निर्देशिकेत बसवली जाते. ही निर्देशिका जणू संगणकाचे मूळस्थान आहे असे स्थापनेच्या नियमांना सांगितले जाते. तेथील फाइलींपासून पॅकेज तयार होते आणि मग ते पॅकेज पीकेजी साधनाच्या द्वारे प्रणालीवर बसवले जाते. पूर्वीचा क्रम बांधणी, स्थापना, पॅकेज असा होता. नवा क्रम बांधणी, स्टेजिंग, पॅकेज, स्थापना असा झाला.

या क्रमबदलाचे परिणाम दूरगामी ठरले :

• पॅकेज तयार होईपर्यंत रूटचे अधिकार लागत नाहीत. फाइलींचा मालक आणि परवानग्या यादीत नोंदवल्या जातात आणि स्थापनेच्या वेळी लागू होतात.
• बांधणी कोणत्याही टप्प्यावर फसली तरी चालू प्रणालीला धक्का लागत नाही.
• स्टेजिंगच्या निर्देशिकेत केवळ त्या आज्ञावलीच्याच फाइली असल्याने यादीशी त्यांची तुलना आपोआप करता येते. राहून गेलेली किंवा जास्तीची फाइल तत्काळ दिसून येते.
• सोर्स कोडपासून स्वतः बांधलेली आज्ञावली आणि भांडारातून आणलेले पॅकेज एकाच मार्गाने प्रणालीत येतात. त्यामुळे दोहोंची नोंद सारखीच होते.

यासाठी मूळ आज्ञावलीच्या स्थापनानियमांनी निर्देशिका बदलण्याची मुभा देणे आवश्यक असते. अनेक जुन्या आज्ञावल्यांत ही मुभा नव्हती आणि त्यांच्या नियमांत दुरुस्त्या कराव्या लागल्या.

बांधणीची यंत्रणा

'पूद्रिएर' हे साधन दारूसँ यांनी सुरू केले. पुढे त्याच्या विकासाची धुरा मुख्यतः ब्रायन ड्रुअरी यांनी वाहिली. या फ्रेंच शब्दाचा अर्थ दारूगोळ्याचे कोठार असा आहे. हे साधन प्रत्येक पोर्ट एका स्वच्छ 'जेल'मध्ये बांधते. जेल म्हणजे एकाच गाभ्यावर चालणारे, पण उर्वरित प्रणालीपासून वेगळे केलेले परिसर होत. ही सोय फ्रीबीएसडीमध्ये इ.स. २००० मधील ४.० आवृत्तीपासून आहे.

जेलमध्ये मूळ प्रणाली आणि पोर्टने स्वतः जाहीर केलेली अवलंबित्वे एवढेच असते. एखाद्या आज्ञावलीला आणखी एखादी लायब्ररी लागत असेल आणि ती मेकफाइलीत लिहिलेली नसेल, तर बांधणी फसते. विकासकाच्या स्वतःच्या संगणकावर ती लायब्ररी आधीच बसवलेली असल्याने असा दोष तेथे लक्षात येत नाही. सोर्स कोड उतरवण्याचा टप्पा संपल्यावर जेलला जाळ्याशी संपर्क ठेवता येत नाही. त्यामुळे ओळखखूण न तपासलेला मजकूर बांधणीच्या मध्यातच बाहेरून आणणाऱ्या आज्ञावल्याही उघड होतात. प्रकल्पाची अधिकृत पॅकेजेस याच साधनाने बांधली जातात आणि कोणत्याही वापरकर्त्याला ते स्वतःच्या संगणकावर चालवता येते.

त्रैमासिक शाखा

जानेवारी २०१४ पासून दर तिमाहीला संग्रहाची स्वतंत्र शाखा काढण्यात येऊ लागली. मुख्य शाखेत आवृत्त्या सतत बदलतात. त्रैमासिक शाखेत प्रामुख्याने सुरक्षेच्या आणि बांधणीच्या दुरुस्त्या घेतल्या जातात. सर्व्हर चालवणाऱ्यांना यामुळे तुलनेने स्थिर संच मिळाला.

फ्लेवर्स

एकाच पोर्टपासून अनेक पॅकेजेस तयार करण्याची सोय ३० नोव्हेंबर २०१७ रोजी दाखल झाली. तिच्या अंमलबजावणीत मात्यू आर्नोल्ड यांचा प्रमुख वाटा होता. पायथॉनची लायब्ररी एकाच वेळी दोन आणि तीन या दोन्ही पिढ्यांसाठी बांधता यावी, ही यामागची निकडीची गरज होती. त्यापूर्वी अशा प्रत्येक रूपासाठी मूळ पोर्टच्या आधारे चालणारे दुय्यम पोर्ट ठेवावे लागे.

स्थित्यंतराची पद्धत

संग्रहाच्या सामायिक नियमांची जबाबदारी पोर्ट्स व्यवस्थापन मंडळाकडे असते. नियमांत मोठा बदल करण्यापूर्वी 'प्रायोगिक फेरी' घेतली जाते. तीत प्रस्तावित बदलासह संपूर्ण संग्रह बांधून पाहतात आणि बदलाविना बांधलेल्या संग्रहाशी तुलना करतात. बदलामुळे नव्याने फसलेली पोर्ट्स दुरुस्त झाल्यावरच बदल मुख्य शाखेत जातो.

स्टेजिंगच्या बाबतीत वेगळी युक्ती योजण्यात आली. सप्टेंबर २०१३ मध्ये, म्हणजे सोय प्रत्यक्ष दाखल होण्यापूर्वी, संग्रहातील पोर्ट्समध्ये 'स्टेजिंग नाही' असे सांगणारी एक ओळ सरसकट घालण्यात आली. त्यामुळे नवी पद्धत आल्यावरही कोणतेही पोर्ट मोडले नाही. त्यानंतर देखभालकर्त्याने पोर्टमध्ये आवश्यक बदल करायचे, तपासायचे आणि ती ओळ काढून टाकायची, असा क्रम ठरला. किती पोर्ट्समध्ये ती ओळ उरली आहे हे पाहून कामाची प्रगती केव्हाही मोजता येई.

मे २०१४ मध्ये उरलेल्या पोर्ट्ससाठी मुदत जाहीर झाली. ज्यांचे रूपांतर झाले नाही, त्यांच्यावर कालबाह्य असल्याची नोंद आणि ३१ ऑगस्ट २०१४ ही समाप्तीची तारीख घालण्यात आली. ज्यांना देखभालकर्ताच नव्हता, अशा पोर्ट्सचा प्रश्न सर्वांत कठीण होता. त्यांतील काहींना इतर सदस्यांनी पदरचा वेळ देऊन वाचवले. उरलेली काढून टाकण्यात आली. काढलेल्या किंवा नाव बदललेल्या प्रत्येक पोर्टची नोंद कारणासह संग्रहातील 'मूव्ह्ड' या फाइलीत राहते आणि भांडाराच्या इतिहासातून जुने पोर्ट पुन्हा आणता येते. वापरकर्त्यांनी कोणत्या बदलानंतर काय करावे याच्या सूचना 'अपडेटिंग' या फाइलीत तारीखवार दिलेल्या असतात.

या कामाला भांडाराच्या स्थलांतराचीही जोड होती. पोर्ट्सचा इतिहास जुलै २०१२ मध्ये सीव्हीएसमधून सबव्हर्जनमध्ये आणि एप्रिल २०२१ मध्ये सबव्हर्जनमधून गिटमध्ये नेण्यात आला.

टीका

पुनर्रचनेवर वापरकर्त्यांकडून आणि देखभालकर्त्यांकडून टीकाही झाली. अल्प काळात अनेक मोठे बदल लागोपाठ आल्याने थोड्या पोर्ट्सची हौसेने काळजी घेणाऱ्यांना प्रत्येक वेळी नवी पद्धत शिकावी लागली. मुदत संपल्यावर पोर्ट्स काढून टाकण्याच्या धोरणामुळे क्वचित वापरल्या जाणाऱ्या, पण कोणाच्या तरी उपयोगी असलेल्या आज्ञावल्या संग्रहातून गेल्या. मंडळाची भूमिका अशी होती की, कोणीही न पाहणारी कृती संग्रहात ठेवल्याने ती चालते असा चुकीचा समज होतो.

पोर्टमास्टर आणि पोर्टअपग्रेड वापरणाऱ्यांना फ्लेवर्समुळे विशेष अडचण आली, कारण एका पोर्टचे एकच पॅकेज असते या गृहीतावर ही साधने उभी होती. त्यांत सुधारणा होईपर्यंत पूद्रिएर वापरण्याचा सल्ला देण्यात आला. मात्र मोजकीच आज्ञावली स्वतःच्या पसंतीने बांधू इच्छिणाऱ्या आणि लहान संगणक असलेल्या व्यक्तीला संपूर्ण जेल उभारणे जड जाते. त्रैमासिक शाखेतील पॅकेजेस आणि मुख्य शाखेतून स्वतः बांधलेली पोर्ट्स एकत्र वापरल्यास लायब्रऱ्यांच्या आवृत्त्या जुळत नाहीत, हीही वारंवार आढळणारी तक्रार आहे.

काही जाणकारांच्या मते हे बदल उशिरा झाले. डेबियन लिनक्समध्ये पॅकेज तात्पुरत्या निर्देशिकेतून बांधण्याची पद्धत आधीपासून होती. फ्रीबीएसडी पोर्ट्सपासूनच निघालेल्या ओपनबीएसडीच्या संग्रहाने आणि नेटबीएसडीच्या पीकेजीसोर्सनेही ती आधी स्वीकारली होती.

प्रभाव

पोर्ट्सची मूळ कल्पना अनेक प्रणालींनी घेतली. नेटबीएसडीचा पीकेजीसोर्स हा संग्रह ऑक्टोबर १९९७ मध्ये फ्रीबीएसडी पोर्ट्सच्या आधारे सुरू झाला आणि आता तो अनेक संचालन प्रणालींवर चालतो. ओपनबीएसडीचा संग्रहही याच मुळापासून निघाला. जेंटू लिनक्सच्या पोर्टेज या व्यवस्थेचे नाव आणि संकल्पना यांवर पोर्ट्सची छाप आहे. ॲपलच्या संगणकांसाठी इ.स. २००२ मध्ये सुरू झालेल्या डार्विनपोर्ट्स, म्हणजे आजच्या मॅकपोर्ट्स, या प्रकल्पात स्वतः हबर्ड यांचा सहभाग होता.

पुनर्रचनेचा लाभ फ्रीबीएसडीबाहेरही झाला. ड्रॅगनफ्लाय बीएसडीने इ.स. २०१३ मध्ये पीकेजीसोर्सऐवजी डीपोर्ट्स ही व्यवस्था स्वीकारली. तीत फ्रीबीएसडीची पोर्ट्स आवश्यक तेवढ्याच फरकांसह वापरली जातात आणि पॅकेजेस पीकेजी साधनाने हाताळली जातात.

सद्यस्थिती

संग्रहात आज ३०,००० हून अधिक पोर्ट्स आहेत. बहुसंख्य वापरकर्ते तयार पॅकेजेस घेतात. वेगळे पर्याय हवे असणारे वापरकर्ते आणि संस्था पूद्रिएरच्या साहाय्याने स्वतःचे भांडार बांधतात. संग्रहाची प्रत उतरवण्यासाठी दीर्घकाळ वापरले गेलेले पोर्टस्नॅप हे साधन नोव्हेंबर २०२३ मधील फ्रीबीएसडी १४.० मधून वगळण्यात आले असून त्याऐवजी गिट वापरले जाते.

पोर्टची बाह्य रचना मात्र इ.स. १९९४ पासून ओळखता येईल इतकी टिकून आहे. एक निर्देशिका, एक मेकफाइल, ओळखखुणांची फाइल आणि शेवटी सामायिक नियमांचा समावेश हा साचा कायम आहे. 'मेक इन्स्टॉल' ही आज्ञाही तीच आहे. ती दिल्यानंतर पडद्यामागे जे घडते, ते मात्र पूर्णतः बदलले आहे.

हेही पाहा

• फ्रीबीएसडी
• ओपनबीएसडी
• नेटबीएसडी
• पीकेजीसोर्स
• जेंटू लिनक्स
• मॅकपोर्ट्स
• मुक्त स्रोत आज्ञावली